भांडगांवचा नट

मथळा वाचून नाट्यप्रेमी वाचकांच्या मनांत निराळीच अपेक्षा उत्पन्न होण्याचा संभव आहे. भांडगांवापासून चौफुला थोड्याच अंतरावर, आणि चौफुल्याच्या तमाशा-फडांची कीर्ति सर्व महाराष्ट्रभर; तेव्हां त्या बाजूचा कोणी नामांकित नट प्रस्तुत लेखकास भेटला असावा, अशी समजूत झाल्यास नवल नाहीं. परंतु ज्या नटाच्या शोधार्थ मी गेल्या भाद्रपदांत पुणें-भांडगांव अशा चार खेपा घातल्या, तो रंगभूमीवरील नसून लोखंडाचा होता. आमच्या वडिलांच्या पिढींत त्याला ‘चाकी’ म्हणत. सायकलच्या मागच्या आंसावर डाव्या बाजूस बसणारी, अंगठ्याच्या पेराहूनही लहान अशी ती वस्तु. तिच्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें घरांतील मंडळींनीं विचारलें, तेव्हां मीं जें उत्तर दिलें तें अर्धेंच खरें होतें. उरलेलें अर्धें या लेखांत सांगावयाचें आहे.

पुण्याहून सोलापूरच्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे हडपसर, लोणी काळभोर व उरुळी कांचन हीं गांवें मागें पडतात आणि यवत येतें. यवतच्या पुढें व चौफुल्याच्या अलीकडे, दौंड तालुक्यांत, भांडगांव आहे. पुण्यापासूनचें अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. आषाढाच्या वारींत तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते, ती याच वाटेनें. यवतकरांनीं वारकऱ्यांच्या पंगतींना वाढलेली पिठलें-भाकरी ज्यांनीं एकदां चाखली, त्यांना हा मुलूख वेगळा सांगावयास नको. दक्षिणेकडे भुलेश्वराचा डोंगर, उत्तरेकडे लोहमार्ग, आणि मधल्या सपाटीवर ऊंस. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें व मुठेचें पाणी उजव्या कालव्यानें या कोरड्या भागाकडे वळलें. तेव्हांपासून बाजरीच्या शेजारीं हळूहळू ऊंस उभा राहिला. ऊंस आला म्हणजे गुऱ्हाळ आलें. थंडीच्या दिवसांत पहाटे या रस्त्यानें जातांना चुलवणाचा धूर आणि कढत्या काकवीचा वास असा कांहीं दरवळतो कीं, मधुमेह झालेल्या मनुष्यासही क्षणभर पथ्याचा विसर पडावा.

गुऱ्हाळांचा उल्लेख केवळ रसनेसाठीं केलेला नाहीं. ज्या गांवांत चरक आहे, पाण्याचें इंजिन आहे, तेथें तीं यंत्रें दुरुस्त करणारा मनुष्यही असतो; आणि माझा शोध शेवटीं अशाच एका मनुष्याच्या दारीं संपला. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं मला पुण्याचे बाजार पालथे घालावे लागले. काखेंत कळसा असतां गांवाला वळसा घालण्याची आपली जुनी संवय आहेच.

माझे धाकटे काका शिक्षक होते. नोकरीच्या निमित्तानें ते १९५४ सालीं या भागांत आले व पुढें भांडगांवींच घर करून राहिले. १९५६ सालीं त्यांनीं पुण्यांत एका पारशी गृहस्थाकडून एक वापरलेली सायकल विकत घेतली. ती रॅले कंपनीची होती. पुढच्या दांतेरी चक्रांत बगळ्याचीं तीन मुखें कोरलेलीं. मुठींपासून चाकांपर्यंत सळ्यांचे ब्रेक. आणि मुख्य नवलाई म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्यांत, ज्याला दुकानदार ‘हब’ म्हणतात त्यांत, तीन गतींचें यंत्र. हें यंत्र नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीचें. त्याच्या पाठीवर घडणीचें वर्ष कोरण्याची त्या कंपनीची रीत होती. आमच्या हबवर ‘५१’ हा आंकडा आजही वाचतां येतो. मुठीजवळची लहानशी तरफ सरकविली कीं चढावर पाय हलके पडत आणि उतारावर सायकल पळे. त्या काळीं दौंड तालुक्यांत अशी सायकल विरळाच असावी. शाळा सुटल्यावर पोरें तिच्याभोंवतीं कोंडाळें करीत, आणि काकाही त्यांना हाकलून न देतां एकेका भागाचें नांव विचारीत.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. आमचा वाडा अशाच एका पेठेंत होता. योगायोग असा कीं, काका दोन दिवस आधीं पुण्यास येऊन, पावसाची झड पाहून सायकल वाड्यांत ठेवून आगगाडीनें परत गेले होते. पाणी ओसरल्यावर ती आम्हीं चिखलांतून उकरून काढली. काकांनीं तिचा प्रत्येक सांधा उकलला, रॉकेलमध्यें धुतला, प्रत्येक छर्रा फडक्यानें पुसला. अंगणांत जुन्या धोतरावर मांडलेल्या त्या चाक्या, बोल्ट, छर्रे व वायसर मला अजून दिसतात. आईच्या संसारांतील निम्मीं भांडीं वाहून गेलीं होतीं. काकांची एकही चाकी हरवली नव्हती.

पुरानें जी नेली नाहीं, ती चाकी मीं हरविली.

१९६३ सालच्या मे महिन्यांत मी सुटीसाठीं भांडगांवीं गेलों होतों. वय वर्षें अकरा. काका कामानिमित्त दौंडास गेले असतां मीं त्यांचा पाना घेऊन मागचें चाक सोडलें. हेतु एवढाच कीं, त्या हबच्या पोटांत तीन गती कोठें लपल्या आहेत तें पाहावें. तें कळलें नाहीं, आणि डावी चाकी मात्र गवतांत पडली ती पडलीच. दिवस कलला तसा मी घाबरलों. शेजारच्या विहिरीवरील इंजिनाच्या खोक्यांतून साधारण तेवढीच एक चाकी उचलली आणि आंसावर चढविली. ती जेमतेम एक फेरा फिरून अडकली. मीं पान्यास नळीचा तुकडा जोडून जोर केला. कांहीं तरी करकरलें, चाकी पुढें सरकली आणि घट्ट बसली. मला वाटलें, जमलें. काकांना मीं कांहींच सांगितलें नाहीं. त्यांनींही कधीं विचारलें नाहीं.

तें करकरणें म्हणजे काय होतें, हें पुढें कारखान्यांत नोकरीस लागल्यावर मला कळलें. चाकीच्या आंत व बोल्टाच्या बाहेर ज्या पीळदार खांचा असतात त्यांना आपण आटे म्हणतों. ते एकमेकांशीं जुळावयाचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: बोल्टाची जाडी, एका इंचांत बसणाऱ्या आट्यांची संख्या, आणि आट्याच्या धारेचा कोन. इंग्लंडांत जोसेफ व्हिट्वर्थ यानें १८४१ सालीं या तिन्हींचें कोष्टक मांडलें. त्याच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा. यंत्रें, पंप व इंजिनें यांना तें उत्तम मानवलें. परंतु सायकलच्या पातळ नळ्यांना व बारीक आंसांना इतके खोल व विरळ आटे सोसत नाहींत. शिवाय रस्त्याच्या हादऱ्यानें ते लवकर ढिले होतात. म्हणून तेथील सायकल-यंत्रज्ञांच्या संस्थेनें १९०२ सालीं सायकलपुरतें निराळें कोष्टक ठरविलें. त्यांत कोन साठ अंशांचा, आणि बहुतेक ठिकाणीं इंचास सव्वीस आटे.

आमच्या सायकलचा आंस याहूनही विक्षिप्त. साध्या सायकलच्या मागच्या आंसाची जाडी तीन-अष्टमांश इंच, म्हणजे बारा-बत्तिसांश असते. स्टर्मी-आर्चरच्या आंसाची जाडी तेरा-बत्तिसांश. मीं इंजिनाच्या खोक्यांतून उचललेली चाकी सात-षोडशांश, म्हणजे चौदा-बत्तिसांश इंचाची, आणि तिला व्हिट्वर्थच्या कोष्टकाप्रमाणें इंचास चौदाच आटे. एका बत्तिसांशाचा फरक अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांस दिसत नाहीं; लोखंडास मात्र तो कळतो. त्या चौदा आट्यांनीं आंसावरील सव्वीसांचे माथे खरवडून टाकले होते.

गेल्या श्रावणांत पुतण्याचा निरोप आला. जुनें घर उतरवून दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्याचा पाया घालावयाचा होता. काका जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. काकू अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत व त्यांची दृष्टि आणि वाणी दोन्ही शाबूत आहेत. घरांतल्या वस्तूंची वाटणी चालली होती. पितळी घंगाळें, पाटे-वरवंटे, शिसवी पेटी यांना धनी मिळाले. पडवींत टांगलेल्या सायकलपाशीं येऊन सगळे थांबले. भंगारवाल्यानें ती किलोच्या भावानें मागितली होती. मुंबईस असणारी धाकटी सून म्हणाली, “आम्ही नेऊं. रंग देऊन दिवाणखान्यांत भिंतीवर लावूं. हल्लीं फार सुंदर दिसतें तें.” त्यावर काकूंनीं निकाल दिला:

“चालत असेल तर ती राहील. चालत नसेल तर खुशाल मोडींत घाला. पण खुंटीला लावून तिचें चित्र करायचें नाहीं. त्यांना तें आवडलें नसतें.”

दसऱ्यास पांच आठवडे उरले होते. मी म्हणालों, “काकू, चालती करून देतों.” घरच्यांना वाटलें, म्हाताऱ्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे. तेंच मीं सांगितलेलें अर्धें उत्तर.

प्रथम सायकल खालीं उतरवून तिचें दुखणें पाहिलें. दोन्ही पायट्यांच्या दांड्या खुळखुळत होत्या. बैठकीचा बोल्ट गंजून तुटला होता. आणि मागें डावीकडे माझी ती साठ वर्षांपूर्वींची करणी तशीच आंसावर बसलेली. रॉकेलमध्यें दोन दिवस भिजवून ती काढली. आंसाचे बाहेरचे पांच-सहा आटे गुळगुळीत झाले होते, आंतले शाबूत होते. उजव्या बाजूची मूळ चाकीही शाबूत होती. तिच्या पोटाला एक बारीकशी खिडकी असते. त्यांतून गतीची सांखळी कितपत ताणली आहे तें दिसतें.

केडगांवच्या बाजारांत सायकलचें एक दुकान सांपडलें. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें केडगांवचें नांव जगभर गेलें. मला मात्र त्या दिवशीं तेथील एका अरुंद दुकानांतील पत्र्याच्या डब्यांत अधिक गोडी होती. दुकानदारानें मोठ्या आस्थेनें डबे पालथे केले. बैठकीचा बोल्ट मिळाला. दांड्यांसाठीं कॉटर मिळाले. कॉटर म्हणजे एका अंगास उतरता तासलेला लोखंडी खुंटा. तो दांडी व आंस यांच्यामध्यें पाचरीसारखा बसतो. पुष्कळ लोक त्याची चाकी पिळून तो ओढून घेऊं पाहतात व आटे घालवितात. खरी रीत अशी कीं, तासलेली बाजू कानशीनें आंसाशीं जुळवून घ्यावी, दांडीखालीं भक्कम टेकू देऊन कॉटर ठोकून बसवावा, आणि मग चाकी केवळ राखणीसाठीं लावावी. त्या दुकानदारास हें सारें ठाऊक होतें.

मागच्या चाकीपाशीं मात्र त्याचा उपाय हरला. आपल्या देशांत घडणाऱ्या साध्या काळ्या सायकलींनीं इंग्रजी सायकलीचें सव्वीस आट्यांचें माप अद्याप सोडलेलें नाहीं. त्यामुळें जुन्या इंग्रजी सायकलीचें पुष्कळसें किरकोळ सामान लुधियानाच्या डब्यांतून आजही निघतें. पण तें तीन-अष्टमांशाचें. एक बत्तिसांशानें सगळें अडलें होतें.

मग पुण्यास परतलों आणि बोहरी आळी धरली. रविवार पेठेंतील या आळींत मिळत नाहीं अशी लोखंडी वस्तु नसावी, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. दुकानांतील तरुणानें विचारलें, “दहाचा देऊं कीं बाराचा?” १९५६ च्या कायद्यानंतर आपण हळूहळू मेट्रिक मापें पत्करलीं, आतां बाजारांतील चाकी मिलिमीटरांतच बोलते. आमचा आंस भरला दहा मिलिमीटर आणि वर जवळजवळ एकतृतीयांश. दहाची चाकी तोंडाशींच अडली. बाराची सैल अंगठीसारखी फिरली. त्या तरुणाचा दोष नव्हता. जें माप त्याच्या जन्मापूर्वींच व्यवहारांतून गेलें, तें त्यानें डब्यांत कशाला ठेवावें?

पुढच्या रविवारीं जुना बाजार. मंगळवार पेठेच्या बाजूस बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या या बाजारांत जमिनीवर पसरलेल्या गोणपाटांवर साऱ्या शहराचा भूतकाळ मांडलेला असतो: कुलपें व त्यांच्या नसलेल्या किल्ल्या, किल्ल्या व त्यांचीं नसलेलीं कुलपें, पितळी नळ, फोनोग्राफच्या तबकड्या, घड्याळांचे कांटे. उजवी चाकी नमुन्यास हातांत धरून मीं उन्हांत तीन तास ढिगारे चाळले. सायकलचे दिवे मिळाले, घंटा मिळाल्या, नगरपालिकेच्या करवसुलीचे जुने बिल्ले मिळाले. ज्या पुण्यास सायकलींचें शहर म्हणत, त्याचे हे अवशेष. आपल्या लहानपणीं चौकांत पोलीस उभा असला म्हणजे डबल सीट बसलेला मित्र कसा चटकन उतरे, तें आठवून हंसूं आलें. पण तेरा-बत्तिसांश कांहीं मिळालें नाहीं. कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं जुन्या सायकलींचें जें संग्रहालय उभारलें आहे, त्याचा उल्लेख तेथील एका विक्रेत्यानें आदरानें केला. एकेक सायकल पूर्ण करण्यासाठीं मनुष्य किती दारें ठोठावत असेल, याची मला त्या दिवशीं पुरती कल्पना आली.

घरीं आल्यावर नातवानें भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत चाकी शोधून दाखविली. स्टर्मी-आर्चरची मालकी २००० सालीं तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली; घडण तिकडे हलली, पण आंसाचें तें जुनें माप तिनें पुढें चालविलें. तेव्हां चाकी जगांत होती. फक्त ती परदेशांत होती. तिच्या किंमतीहून टपालाचा खर्च कितीतरी अधिक, आणि येण्याचा दिवस दसऱ्यानंतरचा. काकूंच्या मुहूर्तास ती उपयोगाची नव्हती.

निराश होऊन चौथ्या खेपेस भांडगांवीं गेलों, तेव्हां पुतण्या सहज म्हणाला, “इकडे शिवारांत एक लेथवाले आहेत, गुऱ्हाळांचीं कामें करतात. त्यांना विचारायचें का?” हें आधीं कां सांगितलें नाहींस, असें माझ्या ओठांवर आलें होतें, पण विचारलें मींच नव्हतें.

पत्र्याची शेड, दारांत चरकाचे दोन रूळ पडलेले, आंत तेलाचा व तापल्या लोखंडाचा वास. साठीच्या घरांतला तो टर्नर. पिंपरीच्या एका कारखान्यांत सारी उमर काढून, निवृत्त झाल्यावर भंगारांतून जुना लेथ विकत घेऊन तो गांवीं परतला होता. त्यानें उजवी चाकी बोटांत फिरविली, आट्यांवर पट्टी ठेवली, अर्ध्या इंचांत तेरा मोजले आणि माझ्याकडे वर पाहिलें.

“ही गुरुजींची सायकल का?”

मी चकित झालों. तो म्हणाला, “ह्या चाकीची खिडकी गुरुजींनीं आम्हांला दाखवली हुती. पांचवींत हुतों मी.”

त्याच्या लेथच्या अंगावर ‘किर्लोस्कर’ हीं अक्षरें रंगाखालून दिसत होतीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत आरंभ केला, तो सायकलच्या दुकानानें. ते मुंबईस शिकवीत असतां तेथून सायकली पाठवीत आणि बंधु रामूअण्णा त्या बेळगांवीं विकीत. त्याच वर्षीं डनलॉपनें हवेच्या धावेचें पेटंट घेतलें होतें. म्हणजे सायकल अजून नीट मऊ धांवूं लागली नव्हती, तोंच एका मराठी मनुष्यानें ती विकावयास घेतली होती. पुढें नांगर, चरक, पंप, १९१० सालीं किर्लोस्करवाडी, आणि नंतर हरिहर येथील कारखान्यांतून लेथ. सायकलच्या दुकानांतून निघालेली वाट लेथपर्यंत गेली, आणि त्याच लेथवर आतां एका सायकलची चाकी व्हावयाची होती.

आट्यांची संख्या लेथवर दांतेरी चाकांच्या गुणोत्तरानें साधतात. कोणतीं चाकें लावावयाचीं हें एक लहानसें गणितच असतें. टर्नर म्हणाला, “सव्वीस म्हंजे तेरा दुणे. तेराच्या पाढ्यांतलं चाक पायजे. तेरा पांचे पासष्ट.” आणि भिंतीवर टांगलेल्या चाकांतून त्यानें पासष्ट दांतांचें चाक उतरविलें. लेथचा मुख्य पीळ जुन्या इंची मापाचा असल्यानें काम सोपें झालें. तो मेट्रिक असता तर एकशेंसत्तावीस दांतांचें चाक लागलें असतें. कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पांचपट १२७ ही अविभाज्य संख्या. तें चाक त्याच्याजवळ नव्हतें. म्हणजे लेथ जुना होता, म्हणूनच जुन्या सायकलीची चाकी होऊं शकली.

सहा पैलूंच्या सळईचा तुकडा त्यानें कापला, त्यांत छिद्र पाडलें, आणि बारीक हत्यारानें आंतून आटे पाडूं लागला. एकेक फेर केंसाएवढा खोल. मधून मधून तो हत्यार बाहेर काढी, कचरा फुंकी, आणि आंस तोंडाशीं लावून पाही. खरवडलेले आटे त्यानें तिकोनी कानशीनें एकेक करून उकरले. “जोर करायचा न्हाई,” तो म्हणाला, “बोटानं तीन फेरे गेली तर ती त्याची. न्हाई गेली तर पाना लावायचा न्हाई.” साठ वर्षांपूर्वीं हें मला कोणीं सांगितलें असतें तर! दीड तासानें चाकी बोटांनीं फिरली: एक, दोन, तीन, आणि मग शेवटपर्यंत.

मजुरीचें विचारतां त्यानें हात पुशीत सांगितलें, “तेराचा पाढा गुरुजींनींच घोकून घेतला. त्याचे कसले पैसे?” शेवटीं लोखंडाचे तेवढे त्यानें घेतले.

त्या संध्याकाळीं चाक चढवून मी पडवींत काकूंजवळ बसलों आणि १९६३ सालची सारी हकीकत सांगितली. काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “त्या उन्हाळ्यापर्यंत संध्याकाळीं मला मागें बसवून ते कालव्यापर्यंत नेत असत. पुढें एकाएकी बंद केलें. मला वाटलें, मास्तर बायकोला सायकलवर मिरवतो म्हणून गांव हंसतें, त्याची त्यांना लाज वाटली. मीं कधीं विचारलें नाहीं.”

त्या उठल्या आणि पेटींतून पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. वाटणींत तो कोणाच्या नांवावर गेला नव्हता. आंत वर्तमानपत्राच्या लहान लहान पुड्या, प्रत्येकीवर काकांच्या वळणदार अक्षरांत टिपण: ‘पुढील चाक, छर्रे, तीन-षोडशांश’, ‘साखळीचा दुवा, जादा’, ‘तेलाच्या छिद्राचें झांकण’. एक पुडी रिकामी होती. तिच्यावर लिहिलें होतें: ‘मागील चाक, डावी. मूळ चाकी गहाळ. तेरा-बत्तिसांश, २६. मिळाल्यास बदलणें. मुलास विचारूं नये.’

मीं ती पुडी काकूंना वाचून दाखविली. त्या म्हणाल्या, “चाकाचा भरंवसा नव्हता, म्हणून नेत नव्हते होय!” आणि पदरानें डोळे टिपतां टिपतां हंसल्या. माझ्या एका भित्र्या तासानें त्यांचे कितीतरी वर्षांचे कालवे नेले होते. त्यांनीं मात्र त्या क्षणीं मला कांहींएक बोल लावला नाहीं. त्या घराची तीच रीत असावी.

ज्या वाचकांच्या घरीं माळ्यावर अशी एखादी सायकल असेल, त्यांना अनुभवानें एवढेंच सांगतों. सांधा उकलण्यापूर्वीं रॉकेल व तेल यांत धीर धरून भिजवावा. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, तेथें शक्ति न वापरतां दिशा वापरावी. निघालेली प्रत्येक चाकी पुडींत बांधून तिच्यावर नांव लिहावें. नवी आणतांना जुनी बरोबर न्यावी, आणि दोन बोल्ट शेजारीं शेजारीं धरून उजेडांत पाहावे. आटे एकमेकांत पूर्ण बसले तरच ते सख्खे. आणि घरांतील मुलांच्या हातून कांहीं मोडलें तर त्यांना तें सांगतां येईल इतकी जागा ठेवावी. आमच्या काकांनीं मला विचारलें नाहीं, हा त्यांचा चांगुलपणा; पण विचारलें असतें तर मी रडलों असतों आणि मोकळा झालों असतों.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं पुतण्याचा मुलगा सायकल घेऊन अंगणाबाहेर निघाला. काकू पडवींतून ओरडल्या, “अरे, एकटाच कुठें निघालास? धाकटीला मागें बसव आणि कालव्यापर्यंत जाऊन ये!”

धाकटी धांवत जाऊन कॅरिअरवर बसली. दोघें उंसाच्या कडेनें दिसेनाशीं झालीं. परत येईपर्यंत काकू दारांतून हलल्या नाहींत.